जोडीनं दोन दिवस

जेवणं आटोपली असतील, भांडी अजून मोरीत असतील. राहू द्या थोडा वेळ तशीच. आज कर्जफेडीवर बोलायचं नाही, बँकेवर नाही, हिमोग्लोबिनवरही नाही. आज फिरायला जाण्याबद्दल बोलायचंय, आणि तेही नवऱ्याबरोबर. हसू आलं ना? आमच्या गटात हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हीही तोंडाला पदर लावून हसलो होतो.

आपण मावळातल्या बायका. शनिवार म्हणजे काय ते आपल्याला कॅलेंडर बघून कळत नाही, हायवेकडे बघून कळतं. मुंबईची, पुण्याची माणसं निघतात ती लोणावळ्याकडे. १९९८ साली आमिर खानचा ‘गुलाम’ आला, त्यातल्या गाण्यानं खंडाळ्याचं नाव पोराटोरांच्या तोंडी गेलं. २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पुरा झाला आणि मुंबई जवळ आली. तेव्हापासून शनिवार-रविवार आपल्याकडं जत्राच असते. आणि या जत्रेत सगळ्यांत जास्त कोण, तर जोडपी. नवी लग्न झालेली, जुनी लग्न झालेली, अजून व्हायचीही.

ही जोडपी आपल्याला चांगली ओळखीची. आमच्या बारा जणींच्या गटात एक काकू भुशी धरणाच्या रस्त्याला कणसं भाजतात. दोघी तुंगार्लीच्या बंगल्यांवर साफसफाईला जातात. तिघी चिक्कीच्या पाकिटांवर आहेत. एक ताई पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला येणाऱ्यांसाठी भाकऱ्या थापतात, एका रात्रीत साठ-सत्तर. त्यामुळं कोण जोडपं भांडून आलंय आणि कोण लाडात आहे, हे आम्हाला गाडीतून उतरतानाच कळतं. बायकोला लिंबू जास्त हवं, हे न विचारता सांगणारा नवरा काकूंनी बघितलाय. तिची चप्पल हातात धरून चिखलातून चालणाराही बघितलाय. सोमवारी गटात बसलं की याच्या गोष्टी निघायच्या. थोडी चेष्टा व्हायची. “काय बाई थेरं,” असं म्हणून विषय संपायचा.

एका सोमवारी मात्र तो संपला नाही. बंगल्यावर जाणारी एक सखी, तिचं नाव इथं घ्यायचं नाही कारण तिच्या सासूबाई हा कार्यक्रम रोज ऐकतात, ती अंतर्गत कर्जाच्या वेळी म्हणाली, “मला तीन हजार पाहिजेत.” कारण विचारलं. आमच्या रजिस्टरला कारणाचा रकाना असतो. शेती, शिक्षण, दवाखाना, लग्न, घरदुरुस्ती. ती म्हणाली, “फिरायला. आम्हा दोघांना.” मग जरा थांबून म्हणाली, “दर रविवारी अकरा वाजता मी दुसऱ्याच्या गादीवरची चादर काढते. एकोणीस वर्षं झाली लग्नाला. दोघांनी एका खोलीत दार लावून निवांत झोपलोय, असं मला आठवत नाही.”

त्या दिवशी पदर तोंडाला गेला नाही कुणाचा.

मग बोलणं सुरू झालं ते थांबेना. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या मावशी म्हणाल्या, “आम्ही गेलो होतो की जोडीनं. जेजुरीला. लग्नानंतर पाच पायऱ्या उचलून नेलं होतं मला ह्यांनी. त्यानंतर दोघं मिळून गेलो ते मयताला, न्हाईतर दवाखान्यात.” आम्ही हात वर करायला सांगितलं. लग्नकार्य, देवदर्शन, मयत आणि दवाखाना सोडून नवऱ्याबरोबर एक रात्र तरी बाहेर काढलेली कोण? दोन हात वर आले. त्यातला एक, एसटी घाटात बंद पडली म्हणून रात्र स्टँडवर काढली, त्याचा होता.

आपल्या घरांची रचना तुम्हाला ठाऊक आहे. पुढची खोली, मागची खोली, मध्ये पत्र्याची नाहीतर कपाटाची आड. इकडं आम्ही, तिकडं सासू-सासरे, मध्ये पोरं. नवऱ्याशी बोलायचं ते “मीठ संपलंय”, “फीचं काय केलं”, “गॅसचा नंबर लावा” एवढंच. बाकीचं बोलायला जागाच नसते. ती नसली की सवयही जाते.

तीन हजारांचं कर्ज द्यायचं की नाही यावर मात्र गटात दोन तट पडले. एकीचं म्हणणं, मौजेसाठी कर्ज दिलं तर उद्या कुणी साडीला मागेल, परवा मोबाइलला. आम्हालाही ते पटलं. कर्ज अडीनडीला असतं, आणि मौजेचं कर्ज फेडताना मौज आठवत नाही. पण विषय सोडून द्यावा असंही वाटेना. शेवटी कणीसवाल्या काकूंनीच तोड काढली. बचतीला, कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. वेगळा डबा. आठवड्याला प्रत्येकीचे वीस रुपये. बारा जणींचे दोनशे चाळीस. तेरा आठवड्यांचे तीन हजार एकशे वीस. तीन महिन्यांनी एक चिठ्ठी काढायची, भिशीसारखी. जिची चिठ्ठी, तिनं जोडीनं जायचं. हिशोब केल्यावर कळलं की बाराव्या बाईची पाळी यायला तीन वर्षं लागणार. मावशी म्हणाल्या, “माझी शेवटी निघाली तर काठी घेऊन जावं लागंल.” पहिली चिठ्ठी न काढता त्या सखीला द्यायची, यावर एकमत झालं.

कुठं जायचं? महाबळेश्वर निघालं, कोल्हापूर निघालं. अंबाबाईही होईल आणि तांबडा-पांढराही. पण लांब जायचं तर जाण्यायेण्यातच वेळ आणि पैसा जातो. ती म्हणाली, “मला लोणावळाच बघायचंय.” आम्ही म्हणालो, अगं, रोज तिथंच असतेस की! त्यावर तिचं म्हणणं असं, की ती लोणावळा मागच्या दारानं बघते. बादली, फडका आणि परतीची गाडी. पुढच्या दारानं एकदा जायचंय.

दिवस ठरवतानाही गंमत झाली. शनिवार-रविवार आपल्या कामाचे, आणि खोल्यांचे दरही तेव्हाच चढलेले. तिचे मालक कारखान्यात कंत्राटी कामाला. पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. म्हणजे आमचा शनिवार-रविवार बुधवार-गुरुवारी आला. पावसाळा नकोच, तेव्हा भाताची लावणी असते. दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी. मार्गशीर्षातले गुरुवार महालक्ष्मीच्या व्रताचे. राहिला पौष. “पौषात कुठं कुणी जातं का?” असं एकीनं विचारलंच. आम्ही म्हणालो, लग्न लावायचं थोडंच आहे, लागलेलं आहे.

पावसाळा नको म्हणायला दुसरंही कारण आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला, चौघांचा जीव गेला. आपल्याला पाण्याची सवय आहे असं आपण म्हणतो. पण डोंगरावरून येणारा लोंढा बघता बघता वाढतो, तो गावातला कोण आणि बाहेरचा कोण हे बघत नाही.

जाण्यातली सगळ्यांत मोठी अडचण पैसा नव्हती, नवराही नव्हता. म्हैस होती. बुधवार संध्याकाळ, गुरुवारच्या दोन वेळा, शुक्रवारची सकाळ, अशा चार वेळच्या धारा. म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. गटातल्या दोघी आधीचे चार दिवस तिच्या हातची पेंड घेऊन म्हशीपुढं जाऊन बसल्या, तेव्हा कुठं जनावरानं ओळख दाखवली. सासूबाईंना काय सांगायचं, हा त्याखालोखालचा प्रश्न. खोटं सांगायचं नाही असं ठरलं होतं. मग तिनं सरळ सांगितलं, “आत्या, आम्ही दोन दिवस एकवीरेला आणि तिकडंच जरा फिरून येतो.” सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “स्वेटर घ्या. तिकडं थंडी लई.” आम्ही महिनाभर ज्या वादाची तयारी केली होती, तो झालाच नाही.

तर बुधवारी पहिली पाळी करून मालक आले. वडापनं कामशेत, तिथून लोकलनं लोणावळा. लोकलचं तिकीट वडापावपेक्षा स्वस्त. एसटीनं गेलं असतं तर तिला अर्धं तिकीट आणि त्यांना पूर्ण, २०२३ च्या मार्चपासून बायकांना ती सवलत आहेच. बाजारातून हिंडली, चिक्की घेतली. ती रोज जिथं काम करते त्या बंगल्यापुढून दोघं चालत गेली आणि तिनं बाहेरूनच खिडकी दाखवली, “ही माझी खोली.” म्हणजे झाडायची.

आणि मग लॉजवर गेली. काउंटरवरच्या मुलानं आधार कार्डं बघितली. दोघांचा पत्ता मावळ तालुका. म्हणाला, “लोकल आयडीला खोली देत नाही.” हिनं मंगळसूत्र दाखवलं. “नियम आहे मावशी.” दुसऱ्या लॉजवर तेच, वर एक बोचरं हसू. सख्यांनो, ती सांगत होती तेव्हा आमच्या हातापायाला राग आला. मुंबईचं जोडपं चालतं, दिल्लीचं चालतं, आणि ज्यांच्या जमिनीवर हे गाव उभं राहिलं त्यांना रात्री तिथं झोपायची बंदी! नीट समजून घ्या, असा कुठला कायदा नाही. हा मालकांचा आपला नियम. आपल्या भागातलं जोडपं म्हणजे घरातून पळून आलेलं असणार, भानगड होणार, अशी त्यांची समजूत. म्हणून जाण्याआधी फोन करा, पत्ता कुठला ते आधीच सांगा, दोघांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. आम्ही हे आधी करायला हवं होतं, केलं नाही. ती चूक आमची.

मालक म्हणाले, चल घरी. ती म्हणाली, “घरी जायचं असतं तर आलो कशाला असतो.” नंतर तिलाच नवल वाटलं आपण असं बोललो याचं. रात्रीच्या लोकलनं दोघं मळवलीला आली. भाजे गावाच्या वाटेवर एका घरात खोल्या भाड्यानं देतात, आठवड्याच्या मध्ये रिकाम्याच असतात. घरच्या बाईनं आधारकार्ड बघितलं आणि म्हणाली, “अगं, तुझं माहेर म्हणजे आमच्या जावेचं गाव.” आठशे रुपये रात्र. पिठलं-भाकरीचे वेगळे.

खोलीत गेल्यावर काय झालं? ती म्हणते, काहीच सुचेना. दोघं पलंगाच्या दोन टोकांना बसली. तिनं आधी उठून चादर नीट ताणली, कोपरे दुमडले. हाताची सवय. मालक म्हणाले, “ठेव ना. उद्या दुसरं कोणतरी करंल.” मग बोलणं झालं ते म्हशीवर.

गुरुवारी सकाळी दोघं कार्ल्याला गेली. आपल्यातल्या किती जणी एकवीरेला जाऊन आल्यात? सगळ्याच. आणि शेजारच्या लेण्यात किती गेल्यात? देवळाला लागूनच आहे ते, पण तिकीट काढावं लागतं, म्हणून आपण बाहेरूनच हात जोडून खाली उतरतो. हिनंही आजवर तेच केलं होतं. या वेळी तिकीट काढलं. आत जाताना दाराच्या बाजूला बघा. भिंतीत दगडी जोडपी कोरलीत, माणसाएवढी. नवरा-बायको शेजारी शेजारी उभे, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. बायकांच्या पायांत जाड कडी, कानांत जड दागिने, आणि तोंडावर लाज म्हणून नाही. आत दोन बाजूंना खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती बसलेले आणि हत्तींवर पुन्हा जोड्या. वर बघितलं तर छताला लाकडी कमानी, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून टिकून आहेत. हे लेणं एका राजानं एकट्यानं केलेलं नाही. कुणी खांब दिला, कुणी दार दिलं, तशी नावं दगडात कोरून ठेवलीत. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सुतार आहे, भिक्षुणीही आहे. म्हणजे वर्गणीच की. आम्हाला तर तो मोठा बचत गटच वाटला.

मालक त्या दारापाशी बराच वेळ थांबले. म्हणाले, “दोन हजार वर्षं झाली, आन् ही अजून शेजारी उभी आहेत.” ती म्हणाली, त्यांना आत बोलवायला गेले तर डोळे भरलेले. दुपारी भाज्याची लेणी बघितली. तिथं एक बाई वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय, अशी कोरली आहेत. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष लेण्यांत नव्हतं.

रात्री त्यांनी सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी कंत्राट बदललं तेव्हा पगार कमी झाला होता. घरी कळू नये म्हणून मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपमधून पैसे उचलले, ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपमधून. चाळीस हजारांवर गेलं होतं. वसुलीवाले फोन करून नातेवाइकांना सांगायची धमकी देत होते. घरी बोलायचं तर पत्र्यापलीकडं आई जागी, अलीकडं पोरगी अभ्यासाला. “सांगू कुठं?” असं म्हणाले. आठ महिने हा माणूस तिच्याशेजारी ताटावर बसत होता.

हे सांगायला तिनंच परवानगी दिली आहे, नाव न घेता. पुढं काय झालं तेही ऐका. शुक्रवारी ती आमच्याकडं आली, सगळे मेसेज घेऊन. कर्जाच्या रजिस्टरात या वेळी कारणाचा रकाना भरायला अडचण आली नाही. गटानं अंतर्गत कर्ज दिलं, अ‍ॅपची देणी मिटवली, धमक्यांची तक्रार १९३० या सायबर मदत क्रमांकावर केली. हप्ता चालू आहे, वेळेवर येतो. मोबाइलवरच्या कर्जाबद्दल एकदा सविस्तर बोलायचंच आहे, पण तो पुढचा विषय.

सगळ्यांचं असं होईल असं आम्ही म्हणत नाही. दुसरी चिठ्ठी जिची निघाली, ते जोडपं लोणावळ्याच्या बाजारात चिक्की कुठली घ्यायची यावरून भांडलं आणि त्याच संध्याकाळी घरी परत आलं. उरलेले पैसे तिनं डब्यात परत टाकले, हे विशेष. आणि एका सखीनं चिठ्ठीत नावच टाकू दिलं नाही. तिचा नवरा पितो, हात उचलतो. त्याच्याबरोबर दार लावून एका खोलीत राहायचं म्हणजे काय, हे तिला विचारायची गरज नाही. तिला कुणी “जा, सुधारेल” असा सल्लाही देऊ नये. तिच्यासाठी वेगळी वाट आहे, १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, आम्ही आहोत.

आमच्यात दोघींचे नवरे नाहीत. एकीनं पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, “मी वीस रुपये कशाला भरू मग?” या प्रश्नावर आम्ही गप्प झालो होतो, खरं सांगायचं तर आम्हाला तो सुचलाच नव्हता. मग ठरलं, जोडी कुणाशी लावायची ते जिची तिनं ठरवायचं. तिसरी चिठ्ठी तिचीच निघाली. ती तिच्या धाकट्या बहिणीबरोबर गेली, भाज्याच्या त्याच घरात राहिली. लग्न होऊन दोघी दोन तालुक्यांत गेल्यापासून पहिल्यांदाच एका पांघरुणात झोपल्या म्हणे, आणि पहाटे तीनपर्यंत बोलत होत्या.

आता कणीसवाल्या काकूंच्या डोक्यात वेगळंच चाललंय. त्यांच्या घरामागं दोन खोल्या पडून आहेत. त्या नीट करून घ्यायच्या, आधार कार्डावर मावळ लिहिलेलं असलं तरी चालतील अशा. न्हाणीघराचं काम तेवढं व्हायचंय, त्याचा अंदाज गवंड्याकडून येत्या सोमवारी मिळेल. चौथी चिठ्ठी मावशींची निघाली आहे. काठी घ्यायची वेळ आली नाही. मावशींचे मालक म्हणतात, “मी न्हाई येणार, लोक हसतील.” आम्ही दोन वेळा जाऊन समजावून आलोय. तिसऱ्यांदा उद्या जाणार आहोत. मावशींनी मात्र पिशवी भरून दाराला अडकवून ठेवली आहे.